छत्तीस खाचा

पहिला व्हिडिओ परत आला.
काम चांगलं आहे, पण हातमोजे कुठं आहेत, त्यांनी विचारलं.
म्हणून आर्वीहून हातमोजे आणले, पिवळे, एकशे ऐंशीचे,
अन् हर्षा पुन्हा पायरीवर बसली
पाच एचपीची जळकी मोटार पुढ्यात घेऊन.
पाच मिनिटं. चेहरा दिसावा, हात दिसावे, मधे तोडजोड नको.
मी फोन धरला.

पायरीच्या वर पाटी आहे: खुशाल मोटार वायंडिंग.
खुशाल म्हणजे मी.
विहिरीत मी उतरतो, पंप मी काढतो,
गाडीच्या मागं बांधून आणतो, उधारी मागतो.
छत्तीस खाचांत तार भरते ती.
गावाला हे माहीत आहे,
तरी जो येतो तो मलाच विचारतो,
भाऊ, टिकंल ना हंगामभर?
मी तिच्याकडं पाहतो, ती मान हलवते,
मग मी म्हणतो, टिकंल.

कागदं जमवण्यात उन्हाळा गेला.
दहावीच्या मार्कशीटवर ती हर्षा ढोक,
आयटीआयच्या सर्टिफिकेटवर हर्शा, शहामृगाच्या शनं,
आधारवर हर्षा खुशाल येरेकार.
तहसीलातला स्टॅम्पवाला चष्मा वर करून म्हणाला,
ह्या तर तीन बाया झाल्या, यातली कोणती पाठवून राह्यला?
ती म्हणाली, तिघीही जातो, एकाच तिकिटावर.

माझं काम मी बघून बघून शिकलो, त्याचा कागद नाही.
अर्जात माझ्यासाठी एकच रकाना होता,
सोबत येणारा.
माय म्हणाली, बायकोच्या मागं जातं का रे कोणी?
म्हटलं, मागं नाही वो, बाजूच्या सीटवर.
ती हसली नाही.

रात्री लाईट असली की जर्मनचा क्लास.
एक फोन, दोघांचे दोन कान.
आपल्याकडं मोटार बाई, तिकडं बाप्या.
तारही बाप्या.
कॉइल तेवढी तिकडंही बाईच राहिली,
तर हर्षाला केवढा आनंद!
मला अजून आकडे येत नाहीत,
तिकडं एकवीस म्हणायचं तर आधी एक म्हणतात, मग वीस.
ती म्हणते, आपणही तसंच म्हणतो, येड्या.
मी बोटं मोजून पाहिली. खरंच की.

तर हातमोजे.
तार बोटाला कळते, ती म्हणाली,
कुठं मुलामा खरडला, कुठं पीळ बसला.
रबराला काय कळते?
सत्ताविसाव्या वेढ्याला मोजणी चुकली, उकललं.
परत. मग बकरी आली. परत.
चौथ्या वेळी तिनं डोळे मिटले
अन् ओठांतल्या ओठांत मोजत भरत गेली.
बांबूच्या काड्या ठोकल्या, मेगर लावला,
काटा जिथं जायला पाहिजे तिथं गेला.
माझा हात भरून आला होता, फोन हलू दिला नाही.

शेवटी कॅमेऱ्यात पाहून एक वाक्य बोलायचं होतं,
आपण काय काम करतो ते, त्यांच्या भाषेत.
घाम पुसून ती म्हणाली,
इश विक्ले मोटोरेन.
मी मोटारी बांधते, असा त्याचा अर्थ.

आतून माय ओल्या हातानं धावत आली,
काय विकलं? कोणाची मोटार विकली वो?
लोकायचा माल आहे तो!

तोडजोड नको म्हटलं होतं.
तसाच पाठवला, मायसकट.

उत्तर अजून नाही.
ती मोटार डेबूजी कुमरेच्या विहिरीवर बसवली परवा.
बटन दाबलं, पाणी चढलं,
डेबूजी मला म्हणाला, मस्त बांधली गा.
म्हटलं, हर्षानं बांधली.
तो चिलमीएवढा खोकला अन् म्हणाला,
हो ना बा, ते त मालूमच आहे.